नातेवाईकांची सल्लागार समिती करायची आहे, सुरुवात कुठून करू?

कागदपत्री

नमस्कार. मी १२० खाटांच्या एका कम्युनिटी हॉस्पिटलात क्वालिटीचं काम बघते. विभाग म्हणजे मी आणि एक अर्धवेळ मदतनीस. मागच्या महिन्यात वरून निरोप आला की रुग्ण आणि कुटुंबीयांची सल्लागार समिती करा, तीन महिन्यांत पहिली बैठक झाली पाहिजे. निरोपासोबत नावांची यादीही आली. आठ नावं. दोन देणगीदार, एका विश्वस्तांचे व्याही, आमच्याच माजी मेट्रन, एक निवृत्त मुख्याध्यापक (आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत), आणि उरलेले तिघे कोण हे मला अजून कळलेलं नाही. रेकॉर्ड काढून बघितलं. आठांपैकी एकही जण गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे अ‍ॅडमिट झालेला नाही, की कुणाच्या केसपेपरवर नातेवाईक म्हणून सही केलेला नाही.

खऱ्या पेशंटची समिती करायची तर माणसं कुठून शोधायची? ज्यांनी तक्रारी केल्यात त्यांना घ्यावं का? डॉक्टरांना सांगितलं तर एक जण म्हणाले, "आता नातेवाईक आम्हाला शिकवणार." आणि पहिल्या बैठकीत करायचं काय? ४२ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन तयार आहे, पण माझंच मन घेत नाहीये.

पोटभाडेकरू

वाचतोय. आमच्याकडेही हेच घाटतंय. ४२ स्लाइड्स वाचून मात्र घाम फुटला.

बाकावरची

धागा दोनदा वाचला. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, हॉस्पिटलातली कुणीच नाही. वडील १९ दिवस आयसीयूत होते, ते १९ दिवस मी बाहेरच्या बाकावर काढले. पुढे त्याच हॉस्पिटलच्या समितीवर चार वर्षं होते, त्यातली शेवटची दोन सहअध्यक्ष म्हणून. त्यामुळे खाली जे लिहितेय ते त्या बाकावरून दिसलेलं.

आधी यादी. ती समितीची नाही, सत्काराची आहे. पण ती परत पाठवून भांडण ओढवून घेऊ नका. वरच्यांना इतरांचे नियम दाखवा, त्यांना तेच पटतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ मध्ये कायदा करून प्रत्येक हॉस्पिटलला अशी समिती सक्तीची केली आणि १ ऑक्टोबर २०१० पर्यंतची मुदत दिली. तिथल्या नियमांत स्पष्ट आहे की निम्मे तरी सदस्य आजी-माजी पेशंट किंवा त्यांच्या घरचे हवेत, आणि वर्षाला किमान चार बैठका. कॅनडातल्या ओंटारिओनेही २०१५ मध्ये नियम केला की हॉस्पिटलांनी गुणवत्तेचा वार्षिक आराखडा करताना पेशंटना सहभागी करून घ्यायचं. म्हणजे 'निम्मे पेशंट' हा तुमचा हट्ट नाही, कुठेतरी तो कायदा आहे. एवढं सांगितल्यावर आठांतले दोन ठेवून बाकीच्यांना 'हितचिंतक' म्हणून वेगळं बसवता येईल. आमच्याकडे तसंच झालं. हितचिंतकांनाही हायसं वाटलं, असा माझा संशय आहे.

माणसं शोधायला वॉर्डातल्या सिस्टरांकडे जा, रेकॉर्डरूमकडे नको. त्यांना एवढंच विचारा: स्वतःच्या पेशंटचं करताना शेजारच्या खाटेचंही बघणारं कोण आठवतं? प्रत्येक सिस्टर चटकन दोन नावं सांगते. मला असंच बोलावलं होतं. माझी लायकी काय, तर आयसीयूबाहेर नवीन येणाऱ्या नातेवाईकांना मी सांगायचे की चपला कुठे काढायच्या, नाव कोण पुकारतं आणि फॉर्म कुठल्या खिडकीत द्यायचा. नंतर लक्षात आलं, हे सांगायला हॉस्पिटलने कुणाला ठेवलंच नव्हतं.

तक्रार केलेल्यांना घ्याच. ज्याला काही खुपलंच नाही तो बैठकीला येऊन बोलणार काय? आम्ही इच्छुकांशी अर्धा तास गप्पा मारायचो आणि दोन गोष्टी विचारायचो. तुमच्या बाबतीत काय झालं? आणि तुमच्याजागी एखादी एकटी म्हातारी बाई असती, किंवा ज्याला वाचता येत नाही असं कुणी असतं, तर काय झालं असतं? पहिल्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्याशी जो अडतो आणि पुन्हा आपल्याच किश्शावर येतो, त्याला म्हणायचं की सहा महिन्यांनी बोलू. त्याचं चुकत नसतं, त्याची जखम ओली असते. कोर्टात प्रकरण चालू असेल तर मात्र नको, दोन्ही बाजूंना अवघड होतं.

आता पहिली बैठक. आमच्या पहिल्या बैठकीत ध्येय, धोरण, इमारतीचा फोटो, पुढच्या इमारतीचा फोटो. दीड तास. आम्ही सात नातेवाईक माना डोलवत होतो. दुसरीतही तेच. तिसऱ्या बैठकीला सातांतले चार उरले. तेव्हा मेट्रन उठल्या, विषयपत्रिका उलटी घातली आणि टेबलावर कोऱ्या नावांची, पण औषधं भरलेली डिस्चार्ज कार्डं ठेवली. म्हणाल्या, "मोठ्यांदा वाचा."

आमच्यात एक निवृत्त बसचालक होते. त्यांनी एक ओळ वाचली, गोळीचं नाव आणि पुढे 'एसओएस'. त्यांनी विचारलं, "ही कंपनी कुठली?" दोन डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "बायकोला घरी नेलं तेव्हा मला वाटलं एसओएस हा गोळीच्या नावाचाच भाग आहे. सगळ्या गोळ्या तीनदा होत्या, म्हणून हीही तीनदा दिली. चार दिवस." खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग दुसऱ्या बाईंनी '१-०-१' (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) हे 'एकशे एक' असं वाचलं. पुढे 'डोस' लिहिलेलं नव्हतं, तर त्यांनी दुसरं काय वाचायचं?

ते कार्ड बदलायला तीन महिने लागले. 'एसओएस'च्या जागी 'दुखलं तरच, दिवसातून जास्तीत जास्त दोन' असं आलं. १-०-१ च्या जागी सूर्य-चंद्राची चित्रं काढू, असं कुणीतरी सुचवलं आणि सगळ्यांना ते फार आवडलं. बसचालक म्हणाले, "मी वीस वर्षं रात्रीची गाडी चालवली. माझी सकाळ संध्याकाळी सहाला व्हायची." चित्रं गेली, 'उठल्यावर' आणि 'झोपण्याआधी' आलं. डॉक्टरांची तक्रार होती की आता कार्डावर जागा पुरत नाही. खरंच पुरत नव्हती. कार्ड एका पानाचं दोन पानांचं झालं, छपाईवाल्याशी कुणीतरी भांडलं, आणि विषय संपला.

म्हणून म्हणते, स्लाइड्स ठेवून द्या. पेशंटच्या हातात जाणारा कुठलाही एक कागद घ्या आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना वाचायला लावा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सविस्तर लिहिते. आम्ही मागणी केली होती की आयसीयूत रात्री पेशंटजवळ एका नातेवाइकाला बसू द्या. उत्तर आलं, "विचार करू." पुढच्या बैठकीत, "विचार चालू आहे." त्याच्या पुढच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तातच नव्हता. समिती मरते ती अशी, गोड बोलण्याने. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. मग आयसीयूच्या प्रमुख डॉक्टर स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "नाही. जमणार नाही. का ते बघायला चला." एक रिकामी खाट होती, तिथे आम्हाला नेलं. मला स्टुलावर बसवलं आणि वॉर्डबॉयला सांगितलं की इमर्जन्सीची ट्रॉली आण. ट्रॉली माझ्या गुडघ्याला अडली. मी उठले, स्टूल मागे सरकवलं, तर ते शेजारच्या खाटेच्या सलाइनच्या स्टँडला लागलं. डॉक्टर घड्याळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढा वेळ माझ्याकडे नसतो."

मागितलेलं मिळालं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण कशाचे तरी सदस्य आहोत. परत आल्यावर मी विचारलं, मग बाहेर बसणाऱ्याला निदान कळेल कधी? बाकावरचा माणूस जेवायला जात नाही, संडासला जात नाही, का, तर तेवढ्यात नाव पुकारलं तर? त्यातून ठरलं की रोज ४ वाजता डॉक्टर बाहेर येऊन प्रत्येक घरच्यांशी बोलतील. दोन आठवड्यांत चारचे साडेपाच व्हायला लागले. मग दुसरा नियम आला: साडेचारपर्यंत डॉक्टर आले नाहीत तर सिस्टर बाहेर येऊन सांगणार, "उशीर आहे, सहाला या." या दुसऱ्या नियमाने जे झालं ते पहिल्याने झालं नव्हतं. लोक उठून चहाला जायला लागले.

तेव्हापासून इतिवृत्तात प्रत्येक मागणीपुढे तीनांपैकी एकच शेरा: केलं, करतोय (कोण, कधीपर्यंत), करणार नाही (कारण). 'विचार करू' हा शेरा बंद. तुमच्या संचालकांकडून एवढं एक पहिल्या बैठकीआधीच कबूल करून घ्या, बाकी चुका नंतर निस्तरता येतात.

उरलेलं भराभर. बैठक संध्याकाळी ठेवा, दुपारी फक्त निवृत्त लोक येतात. येण्याजाण्याचा खर्च द्या आणि तो मागायला लावू नका. गोपनीयतेच्या कागदावर सही घ्या, पण आधी साध्या भाषेत समजावून सांगा. मुदत दोन वर्षं. कुणाही एका नातेवाइकाला दहा डॉक्टरांच्या बैठकीत एकट्याने बसवू नका, किमान दोघं पाठवा. अमुक डॉक्टर, अमुक बिल अशा तक्रारी समितीत घेऊ नका, त्यांना वेगळी खिडकी असते. आणि ज्यांना बाहेर पडताच येत नाही, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना फोनवर विचारा. खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

अर्धशिशी

मी फिजिशियन आहे, आणि 'आता नातेवाईक शिकवणार' म्हणणाऱ्यांत मोडायचो, अजूनही अर्धा मोडतो. बाकावरचीताई, ट्रॉलीचा किस्सा चोख आहे. पण शंका सांगतो. शेरी अर्नस्टीन नावाच्या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यातली पाचवी पायरी आहे ती आपल्या भाषेत 'बोळवण'. उदाहरण काय, तर मंडळावर निवडक चार गरीब नेऊन बसवायचे आणि निर्णय मात्र आधीचेच लोक घेणार. सल्लागार समिती नावातच सांगते की ती सल्ला देणार. मग ही बोळवणच नाही का? आणि असेल तर आमचा संध्याकाळचा वेळ कशाला घालवता?

बाकी 'एसओएस'बद्दल माझी कबुली. गेली वीसेक वर्षं लिहितोय. काल ओपीडीत पाच जणांना विचारलं. दोघांना माहीत होतं. एकाने सांगितलं, "तातडीचं औषध, लगेच घ्यायचं." म्हणजे नेमकं उलटं.

बाकावरची

डॉक्टर, बोळवण होऊ शकते, आमची दोन बैठका झालीच होती. समितीला सही करायचा अधिकार कधीच मिळाला नाही. पण कार्ड बदललं. शिडीवर आम्ही कुठल्या पायरीवर होतो ते मला सांगता येणार नाही. ओपीडीतल्या त्या तिसऱ्या माणसाला विचारा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सतरा वर्षं झाली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं लिहिते. आमच्या समितीच्या पहिल्याच बैठकीत एक बाई म्हणाल्या, "रात्री बेल वाजवली तरी सिस्टर येत नाहीत." त्या रात्री कुणाची ड्युटी होती मला माहीत होतं. माझीच. ३१ पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक रक्ताची पिशवी आणायला गेलेली. मी काही बोलले नाही, लिननच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं रडले.

म्हणून, कागदपत्री, नवीन सदस्यांना माहिती देण्याच्या दिवशी इमारत दाखवू नका. रात्री दहा ते बारा वॉर्डात एका सिस्टरमागे फिरवा. पेशंटना आधी विचारून, फाइलला हात न लावता. त्याच बाईंना आम्ही तसं फिरवलं. पुढच्या बैठकीत त्यांनी बेलचा विषय पुन्हा काढला, पण आता मागणी होती की रात्री तिसरी नर्स द्या. आम्ही हे तीन वर्षं मागत होतो. आमच्या अर्जाला आवक क्रमांक मिळायचा, त्यांच्या मागणीला उत्तर मिळालं. (उत्तर होतं 'आठवड्यातून चार रात्री'. ठीक आहे, चार तर चार.)

अर्धशिशी डॉक्टरांसाठी एक. नातेवाईक काय शिकवणार असं वाटत असेल तर बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटची हकिकत वाचा. बेट्सी लेहमन ही बॉस्टन ग्लोब दैनिकाची आरोग्य पत्रकार, वय ३९, स्तनाच्या कर्करोगासाठी तिथे भरती होती. केमोथेरपीच्या एका औषधाची चार दिवसांची मिळून असलेली मात्रा तिला रोज, चारही दिवस दिली गेली. डिसेंबर १९९४ मध्ये ती गेली. चूक कित्येक आठवड्यांनी, संशोधनासाठीची आकडेवारी तपासताना उघडकीला आली. त्या धक्क्यातून त्या संस्थेने बरंच काही बदललं, आणि कारभारात पेशंट आणि कुटुंबीयांना जागा देणारी समिती हा त्यातलाच एक बदल. आज अशा समित्यांची गोष्ट निघाली की पहिलं नाव बहुतेक वेळा त्यांचंच निघतं. म्हणजे ही कल्पना शोभेसाठी निघालेली नाही. औषधांचा चार्ट डॉक्टर, फार्मसी, नर्स अशा सगळ्यांच्या नजरेखालून गेला होता. मी केमोच्या वॉर्डात काम केलंय, त्यामुळे हे वाचलं तेव्हा दोन रात्री नीट झोप लागली नव्हती.

पोटभाडेकरू

रात्री सिस्टरमागे फिरवायची कल्पना ढापतोय. आमच्या संचालकांनाही फिरवता येईल का? (हलके घ्या. किंवा नका घेऊ.)

कागदपत्री

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं घडलं.

संचालकांपुढे 'निम्मे पेशंट' ठेवलं. ते म्हणाले, बरं, पण यादीतल्या कुणाला वाईट वाटायला नको. 'विचार करू' हा शेरा बंद, यालाही हो म्हणाले, जरा थांबून. वॉर्डातून सिस्टरांनी अकरा नावं दिली, त्यातल्या सहा जणांशी बोलून झालं. एक जण हातगाडी ओढतात, ते म्हणाले संध्याकाळी साडेसातनंतरच जमेल. म्हणून बैठक साडेसातला.

मग यादीतल्या मंडळींना फोन केले, 'हितचिंतक' करायला. मुख्याध्यापकांना लावला. मी सुरुवात केली की सर, ही समिती प्रत्यक्ष उपचार घेतलेल्यांची आहे, तेव्हा... ते शांतपणे म्हणाले, "माझी बायको दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तुमच्याकडे डायलिसिसला यायची. मी प्रत्येक वेळी सोबत असायचो." मी रेकॉर्ड बघितलं होतं ते फक्त अ‍ॅडमिट झालेल्यांचं. डायलिसिसचे पेशंट त्यात येतच नाहीत. सकाळी येतात, संध्याकाळी जातात, वेगळ्या रजिस्टरात. पाच वर्षं मी क्वालिटीचे अहवाल करतेय, त्यातही ते नाहीत, हे फोन हातात असताना लक्षात आलं.

मी विचारलं, सर, तिथे काही खटकायचं का? म्हणाले, "चार नंबरची खुर्ची. एसीचा झोत थेट अंगावर. ती नशिबी आली की हिच्या हातापायाला कापरं भरायचं, चार तास. सगळे जुने पेशंट घरून चादर आणतात. नव्यांना माहीत नसतं, मग कुणीतरी आपली देतं."

खाली जाऊन चार नंबरच्या खुर्चीत बसले. सहा मिनिटांत उठले. मेंटेनन्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, पट्ट्या वळवायच्या, दहा मिनिटांचं काम, कुणी सांगितलं नाही कधी.

आता प्रश्न. हे पहिल्या बैठकीसाठी राखून ठेवू का? म्हणजे समितीने सांगितलं आणि लगेच झालं, असं सगळ्यांना दिसेल. बैठकीला अजून अठरा दिवस आहेत.

बाकावरची

राखू नका. आज वळवून घ्या, आणि सरांना फोन करून सांगा की केलं. बैठकीला दुसरं सापडेल, काळजी नको. डायलिसिसचं ते वेगळं रजिस्टर तेवढं टेबलावर ठेवा.

रात्रपाळी

आणि चादरीही ठेवा तिथे. लिननच्या खोलीत असतात, मला माहितेय.